एक वार, दोन वार

देवगडच्या बंदरावर संध्याकाळी साडेचारला
माझा आवाज सुरू होतो.
सुरमई, सौंदाळा, टोपलीभर मांदेली,
बाराशे, साडेबारा, बोला, तेरा,
गिऱ्हाईक नुसती भुवई उडवतं
आणि आकडा मी बोलतो.
बर्फाच्या गाडीचं इंजिन चालू असलं तरी
माझं 'तीन वार' पलीकडच्या जेटीवर ऐकू जातं
असं लोक म्हणतात. आमचं पोट त्याच्यावर आहे.

भार्गवी अडीच वर्षांची झाली.
अजून बोलत नाही.

अंगणवाडीच्या कार्डावर बसणं, रांगणं, उभं राहणं,
सगळ्यांपुढे बाईंनी तारखा घातल्यात निळ्या पेनाने.
'दोन शब्द जोडते' च्या पुढे फक्त एक ठिपका,
पेन टेकवलं आणि उचललं.

खवणेकरांच्या काकींनी वेखंड उगाळून दिलं मधात.
कुणी पोपटाने उष्टावलेला पेरू आणला,
तिने तो खाल्ला, आणखी मागितला, बोटाने.
मामा म्हणाला, "घाबरू नको रे, तुजो आजो चार वर्सांनी बोललो,
आणि मगे मरासर गप रवलो नाय."
प्रणिता हसली.
रात्री मोबाईलच्या उजेडात शोधत होती,
किती महिन्यांचं मूल, किती शब्द.
मी कुशीवर वळलो. मी जागा आहे हे तिला माहीत होतं.

कणकवलीला कान तपासले.
डॉक्टरांनी पाठीमागे चमचा पाडला,
पोरीने वळून बघितलं,
जाऊन तो उचलला आणि त्यांना परत दिला.
कान चांगले आहेत, म्हणाले. दर बुधवारी आणा.
घरी हिच्याशी कोण बोलतं?
मी, मी म्हणालो. घोगराच निघाला आवाज.
प्रणिताने फक्त माझ्याकडे बघितलं.

एस्टीत नांदगाव तिठ्यापर्यंत ते बघणं टोचत राहिलं.

कारण मी घरी येतो तेव्हा घसा संपलेला असतो.
पाणी हवं: तांब्याकडे बोट.
मीठ हवं: भाताकडे बोट, मग बरणीकडे.
टीव्ही बारीक कर: तळहात खाली.
आणि माझी पोर?
पाणी हवं: तांब्याकडे बोट.
टीव्ही बारीक कर: तळहात खाली.
घरातली माझी भाषा ती
माझ्याहून स्वच्छ बोलत होती.

बुधवारी डॉक्टरांना हे सांगितलं.
एवढं सोपं नसतं हो, म्हणाले, स्वतःला दोष देऊ नका.
बरं, नाही देत.
पण बंदीच्या दिवसांत, होड्या वर ओढलेल्या, बंदर गप्प,
मी घरात बडबडायला लागलो.
ही पेज. पेज गरम आहे. फुंकर घाल, फू.
हा कावळा, तुझा भाकरीचा तुकडा ह्यानेच नेला.
हे माझं ढोपर, जेटीवर फुटलं होतं एकदा.
प्रणिता म्हणायची, घसा झिजवू नकोस,
ऑगस्टात काय विकशील?

एका दुपारी पडवीत लिलाव मांडला.
माल: एक चप्पल, दोन बटाटे, झाकण नसलेला डबा.
बटाटे! बोला, दहा!
तिने भुवई उडवली.
वीस! भुवई.
खरं सांगतो, व्यापाऱ्यांनाही एवढी बारीक जमत नाही.
एक वार, म्हणालो.
दोन वार.
आणि थांबलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं,
मध्ये जागा ठेवा, मनात दहा मोजा.
आयुष्यात ह्या जागी मी कधी थांबलेलो नाही.
पाच. सहा. परसात झावळ पडली.
तिने बटाट्यांकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे बघितलं.
आठ.

"ती," म्हणाली.

'न' नव्हता. वार तर नव्हताच.
कदाचित उचकी असेल.
प्रणिता पिठाच्या हातांनी बाहेर आली,
काय झालं? अरे, काय झालं?

मला आवाज फुटेना.
मी बोट दाखवलं.