सहा स्क्रू की पाच

तुर्भ्याच्या जनता मार्केटमागे, शमशादच्या भंगारात,
मिक्सरच्या दोन भांड्यांमध्ये तो पालथा पडला होता.
‘ड्रोनचा आहे मॅडम,’ शमशाद म्हणाला, ‘अडीचशे.’
ड्रोन जन्मायच्या आधीचा होता तो,
एवढं मला कळत होतं. दोनशे दिले.

नाव नाही. जिथे नाव होतं तिथे
डिंकाचा एक आयत, त्यात चिकटलेला कुणाचा तरी केस.
मागच्या पट्टीवर नंबराचे चारच आकडे उरलेले:
सात, शून्य, शून्य,
आणि एक, जो तीन असेल किंवा आठ.

महाप्याच्या लॅबमध्ये मी दिवसभर प्रेशर गेज तपासते.
कुठलंही यंत्र हातात आलं की पुसायचं,
शून्यावर आणायचं, मग त्याच्याशी बोलायचं.
अठरा वर्षांची सवय.
घणसोलीला घरी आले, आणि चहा गार होईपर्यंत
दात घासायच्या जुन्या ब्रशने त्याच्या खाचा घासल्या,
सेलच्या घरातली हिरवी बुरशी लिंबाच्या फोडीने काढली,
चारही ट्रिम मधोमध आणल्या. टक. टक.
शून्य.

मग हेरंबला फोन. सानपाड्याचा हेरंब टिपणीस,
याला स्वतःच्या लग्नाची तारीख विचारावी लागते,
पण कुठल्या कंपनीने कधी अँटेना तिरकी केली
ते झोपेत सांगेल.
‘मीटर मधे की उजवीकडे?’
उजवीकडे.
‘पाठीला गोल सॉकेट?’
आहे, सहा भोकांचं.
‘थ्रॉटल कुठल्या हाताला?’
उजवी काडी वर-खाली करकरते. सोडली तिथेच राहते.
‘म्हणजे जुन्या वळणाचा माणूस. आता मॉडेलं दोनच उरली.
मागे स्क्रू किती? सहा की पाच?’

पाच. पण सहाव्याचं भोक आहे,
आणि भोकात मेण भरलंय.
‘मेण?’
मेण.
हेरंब इतका वेळ गप्प बसलेला मी ऐकला नव्हता.
‘उघड,’ म्हणाला.

उघडला.
तपकिरी पाटी, चिंचोक्याएवढा चंदेरी क्रिस्टल,
बंद कपाटाचा वास.
आणि झाकणाच्या आतून डॉक्टरी चिकटपट्टी,
तिच्यावर बॉलपेनने, फार दाबून:
ट्रिम हलवू नये.

बाहेर नाही लिहिलं, आत लिहिलं.
म्हणजे माझ्यासारखीसाठीच,
जी दुरुस्तीच्या नावाखाली उघडेल तिच्यासाठी.

आमच्या सर्टिफिकेटवर पहिला रकाना असतो:
आलं तेव्हा किती चुकत होतं.
तो भरल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही.
नव्या पोरांना हे मीच शिकवते.

दिव्याखाली धरलं. उन्हाने पिवळ्या झालेल्या खाचेत
उजव्या काडीखाली एक पांढुरकी रेघ उरली होती,
जिथे ट्रिमचं बोट वर्षानुवर्षं सावली धरून बसलं.
मधल्या खुणेपासून उजवीकडे तीन घरं.
की चार.
त्याचं विमान डावीकडे ओढत असणार.
एक पंख जड असेल, माळ्यावर लाकूड वळलं असेल,
किंवा पडून एकदा जोडलेलं, जोड जरा वाकडा.
त्याने ते सरळ केलं नाही,
तीन घरं उजवीकडे सांभाळून घेतलं.
की चार.

नवे आठ सेल घातले. मीटरचा काटा
उठू की नको करत हिरव्यापर्यंत गेला.
बाल्कनीत अँटेना पूर्ण ओढली
तर ती शेजारणीच्या वाळत घातलेल्या गाऊनमध्ये अडकली.
सोडवली. पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून उभी राहिले,
तीन घरांवर थोडा वेळ, चार घरांवर थोडा वेळ.
कुठे काही हललं नाही.

फोन अजून चालूच होता.
‘मग?’ हेरंब म्हणाला, ‘मॉडेल कुठलं?’
डावीकडे ओढणारं, मी म्हटलं.
‘अगं ते नाही गं.
त्या मेणाच्या आत बघ,
आटे आहेत का?’