वाहक

घोटच्या आरोग्य केंद्रात मी रक्त बघते.
बोटाला टोच, थेंब नळीत,
पाच मिनिटं थांबायचं,
मग नळीमागे रेघांचा कागद धरायचा.
रेघा दिसल्या तर घरी जा.
नाही दिसल्या तर बसा जरा.

रूपदेव कुमरेच्या नळीमागे रेघा दिसल्या नाहीत.
मुक्कामी गाडीचा कंडक्टर तो.
गाडी उभी करून, चहाआधी सहज आलेला,
बोटं सुट्ट्या पैशांनी काळी.
टोचण्याआधी मला ती दोनदा पुसावी लागली.

सकाळी साडेपाचला नमुन्यांचा डबा गेला गडचिरोलीला.
त्याच गाडीनं.
आपलं रक्त आपल्याच सीटखाली ठेवून
त्यानं घंटी मारली.

तिथे विजेच्या धारेत रक्ताला पळवतात.
आठ दिवसांनी चित्र आलं, पट्टे दोन:
एक पुढे पोचलेला,
एक मागेच, फाट्यावर गाडी चुकलेल्या माणसासारखा.
मी वहीत लिहिलं, वाहक.

तो हसला. "थे त मी आहोच ना जी,
नऊ वर्सं झाली लागून.
खिडकीच्या वर लिवलं बी आहे."

मग मी समजावायला बसले.
रक्ताच्या लाल रंगात एक माळ असते,
एकशे सेहेचाळीस मण्यांची.
सहावा मणी कोणता ओवायचा
ते लिहिताना एक अक्षर चुकलं, बस्स.
वाक्य मोडत नाही. वाचता येतं.
म्हणजे बघा, पाटीवर घोटच्या जागी
कोणी घाट लिहिलं,
तर गाडी सुटतेच,
माणसं मात्र भलतीकडे उतरतात.

तुमच्याजवळ त्या पाटीच्या दोन प्रती.
एक नीट आहे, ती ओढून नेते सगळं.
म्हणून तुम्ही आजारी नाही.
दुसरी नुसती बसून असते,
तिकीट न फाडलेल्या प्रवाशासारखी,
आणि उतरलीच तर
तुमच्या लेकरात उतरते.

तो गप्प.
बाहेर ड्रायव्हर बादलीनं काच धूत होता.

"माही बहीन होती," तो म्हणाला.
"पुसाच्या थंडीत हातपाय धरून रडे.
डोरे हरदीवानी.
मास्तर म्हने, कामचोर.
पुजाऱ्यानं दोन कोंबडे नेले.
नववीत गेली थे."
मग, बराच वेळानं,
"तिले दोन्ही पाट्या घाटाच्याच भेटल्या असन?"

असतील, मी म्हणाले.

"मंग एक मायजवर होती. एक बाबाजवर."
सुट्टे परत देताना मोजतात तसं
तो बोटांवर मोजत होता.
"दोघं बी वाहक.
अन् कोनालेच मालूम नाही."

लग्नाआधी मुलीचीही तपासणी करावी,
असं पोस्टरवर आहे. मी ते वाचून दाखवलं.
"झालं ना जी लगन.
पोरगी दोन वर्साची आहे."
पोस्टरवर याच्यापुढे काही लिहिलेलं नाही.

महिनाअखेर वही तालुक्याला गेली.
रकाना चार, व्यवसाय: वाहक.
रकाना नऊ, निष्कर्ष: वाहक.
परत आली ती लाल गोल होऊन,
नोंद चुकून दोनदा, एक खोडावी.
मी बराच वेळ पेन धरून बसले,
कुठली खोडायची ते बघत.
शेवटी समासात लिहिलं, चूक नाही,
आणि सही केली.

गुरुवारी सकाळच्या गाडीतून
तो खाली उतरला नाही.
दारात उभा राहून त्यानं बायकोला हात दिला,
मग पोरीला खाली दिलं,
आणि दोनदा घंटी मारली.

बायकोच्या मुठीत तिकीट होतं.
मागच्या कोऱ्या बाजूला, हलत्या गाडीतलं अक्षर:
वय दोन. नाव मैनी.
आत्याचं ठेवलं आहे.
रेघा दिसल्या का सांगजा.

मी पोरीची करंगळीशेजारची बोटुकली पुसली.
ती स्वच्छच होती.
थेंब नळीत पडला.
आता पाच मिनिटं.