वर त्रिकोण, खाली वर्तुळ

झेमूनच्या रविवारच्या बाजारात
जुने चमचे आणि मुके रेडिओ यांच्या मधे
डगला पडला होता. विकणारा म्हणाला,
"उंदरांनी खाल्लाय. काय द्यायचं ते द्या."

चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात
पुड्या बांधता बांधता एवढं शिकलो,
की हवी ती वस्तू दिसली
तर शेजारच्या वस्तूचा भाव विचारावा.
मी एका गंजक्या किसणीवर घासाघीस केली
आणि निघता निघता म्हणालो,
"हेही टाका त्यात."

चाचकला, घरी, दिव्याखाली पसरला.
कापड फ्रेंच. कोर्फूच्या किनाऱ्यावर
हाडांच्या सापळ्यांना वाटलेली ती आकाशी लोकर
आता चुलीतल्या राखेसारखी.
फक्त डाव्या छातीवर
वर त्रिकोण, खाली वर्तुळ,
एवढं आभाळ शिल्लक.

आमच्याकडे पदकाची फीत त्रिकोणी घडी घालून लावतात.
वर्तुळ मी मोजलं. शौर्यपदकच.
कार्ड लिहिलं, नेहमीच्या बारीक अक्षरात:
"पदकासह दीर्घकाळ वापर, बहुधा संचलनांत.
डाव्या खांद्यावर गोळ्यांची छिद्रं, तीन."
तीनपाशी थांबलो,
आणि एक घोट राकिया घेतली
त्या माणसाच्या नावाने,
जे मला माहीत नव्हतं.

नाव अस्तरात होतं. जांभळी शाई, अर्धी धुतलेली:
विदोये. ग्राबोव्हिक.

बस चढापाशीच सोडते. पुढे पायी.
त्याची मुलगी क्रुनिया अंगणात आलुबुखाराच्या बिया काढत होती,
कोपरापर्यंत जांभळी.
मी डगला उलगडला, दोन्ही हातांवर,
जसं नुकतं जन्मलेलं मूल दाखवतात.
ती हसायलाच लागली.
"अगं बाई, हा तर बुजगावण्याचा!"

मग सुरी खाली ठेवून म्हणाली,
"बाप परत आला एकोणीस सालच्या मार्चात.
तिघं गेले होते, आला एक.
दुसऱ्या दिवशी मक्याच्या रानात काठ्यांची फुली रोवली,
तिला हा डगला घातला, पदक लावलं,
आणि म्हणे त्याला म्हणाला,
आता तू उभा राहा."

"कावळे भ्यायचे?"
"पदक चकाकायचं तोवर भ्यायचे.
मग खांद्यावर बसू लागले.
घरट्याला लोकर न्यायचे उपटून, हे बघ, इथून."
तिने बोट घातलं
माझ्या पहिल्या गोळीच्या छिद्रात.

मी विचारलं, मुरांबा कसा दिलात?
तिने माझ्याकडे पाहिलं. तीही बाजारात बसत आली असणार.
"पदकाचं विचारायचंय ना?
रानात पडलं कुठेतरी. नांगराला लागेल तेव्हा लागेल."
रान उतरतं होतं, ओढ्यापर्यंत.
खोटं कशाला बोलू,
मी मनातल्या मनात त्याचे चौकोन पाडले.

निघताना तिला आणखी एक आठवलं.
पहिलं दहिवर गोठलं की बाप स्वतः जायचा,
बुजगावणं खांद्यावर टाकून घरात आणायचा
आणि चुलीशी टेकवून ठेवायचा, वसंतापर्यंत.
आई चिडायची, लेकरं रात्री घाबरायची.
तो एवढंच म्हणायचा:
एकदा एकाला बर्फात ठेवून आलोय.
कुठल्या डोंगरात, कुठल्या भावाला,
ते कुणी विचारलं नाही. तोही बोलला नाही.

कार्डावर मी गोळी खोडली, चोच लिहिली.
संचलन खोडलं.
त्या जागी काय लिहावं
हे तीन आठवडे ठरत नाहीये.
"वापर: मार्च ते ऑक्टोबर"
एवढं पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

काल रात्री पारा शून्याखाली गेला.
संग्रहाची खोली थंडच ठेवायची असते,
लोकरीला कसर लागत नाही.
नव्या पोरांना हे मीच शिकवतो.
तरी उठलो.