दोघांचं काम

एव्होराच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
अकरा दिवस झाले, बेल्मीरू सपाट पडून आहे,
छतावरचा ओलीचा डाग पाठ झालाय त्याला.
मानेचा सहावा मणका तडकलेला.
हनुवटीखालून छातीच्या हाडापर्यंत
कडक पांढरं प्लास्टिक, आत निळा फोम.

"हलायचं नाही" असं सांगितलं
की तो "बरं" म्हणून मान हलवू बघतो.
सगळेच करतात असं.
माणसाची निम्मी भाषा मानेत असते,
हे मला या वॉर्डात येईपर्यंत माहीत नव्हतं.
होकार पापणीनं द्यायचा, बेल्मीरू.
एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही.
शिव्यांसाठी तोंड मोकळं ठेवलंय.

उद्या घरी. म्हणून आज शिकवणी.
बहीण आलीय, इदालीना, वहीपेन घेऊन,
आणि झेफेरीनू,
बेल्मीरूबरोबर बावीस उन्हाळे
एकाच ओकचं बूच सोललेला,
तो या बाजूनं, हा त्या बाजूनं.
त्या दिवशीही दुसऱ्या बाजूला तोच होता.

हात धुवा, मी म्हणते. तो धुतो.
परत धुवा. धुतो.
बोटांची टोकं काळीच राहतात,
सालीचा रस आहे, म्हणतो, सप्टेंबरपर्यंत जात नाही.

डोकं दोन्ही बाजूंनी धरायचं, बोटं कानांखाली.
ओढायचं नाही, दाबायचं नाही, वळू द्यायचं नाही.
"म्हणजे साल सुटत आली की धरतो, तसं," तो म्हणतो,
"फळी फुटली तर मजुरी गेली."
मी कधी साल सुटताना पाहिलेली नाही.
हो म्हणते.

इदालीना पट्टी उघडते. चर्रर्र.
बेल्मीरूची पापणी मिटते आणि मिटलेलीच राहते,
हा होकार आहे की काय, कळायला मार्ग नाही.

पुढचा भाग निघाला.
खाली अकरा दिवसांची मान,
फिकट, घामेजलेली, दाढीचे खुंट मळलेले,
नुकत्या सोललेल्या खोडासारखी उघडी.
(हे माझं नाही, झेफेरीनू पुटपुटला.)
हनुवटीखाली लाल ठिपका. बोटानं दाबा. सोडा.
पांढरा होऊन परत लाल झाला? मग ठीक.
लालचा लालच राहिला तर फोन करायचा,
रात्रीचे तीन वाजले असले तरी.

कोमट पाणी, साधा साबण, टिपून कोरडं.
पावडर नाही, तेल नाही, आईचं मलम तर नाहीच.
फोम धुवून टॉवेलात दाबायचा, सावलीत वाळवायचा,
तोवर दुसरी जोडी.
फोम कडेबाहेर डोकावला पाहिजे,
प्लास्टिक कातडीला लागता कामा नये.
पट्ट्या दोन्हीकडे सारख्या.
हनुवटी आत घसरली तर कॉलर ढिली,
गिळताना त्रास झाला तर घट्ट.
इदालीना लिहिते, खाली दोन रेघा मारते.

"किती दिवस?" झेफेरीनू विचारतो.
बारा आठवडे.
तो हसतो. आमच्या झाडाला नऊ वर्षं लागतात,
खोडावर सालाचा आकडा रंगवून ठेवतो,
म्हणजे कुणी घाईनं कुऱ्हाड घालू नये.

पुढचा भाग बसवला, पट्टी ओढली, दोन बोटं घालून पाहिली.
झालं. सोडा आता.
तो सोडत नाही.
सोडा, झेफेरीनू, कॉलरनं धरलंय त्याला.
"वरची फांदी राहिलीय, असं मीच म्हणालो होतो,"
तो म्हणतो, माझ्याकडे न बघता.

बेल्मीरू डागाकडे बघतोय.
पापणी मिटतो. उघडतो.
परत मिटतो.
दोनदा.
मग म्हणतो, "हात गार आहेत तुझे, गाढवा."

संध्याकाळी मी नोंद करते:
कॉलर बदलली. फोम बदलला.
त्वचा कोरडी, कुठे फाटलेली नाही.
डाव्या कानाखाली बोटाचा काळा ठसा.
पुसलेला नाही.