तोरलची सुट्टी

संध्याकाळी साडेसातला फोन.
तिच्याकडे सकाळचे दहा.
जहाज धक्क्याला लागलंय, लाँड्रीवाल्यांना
तीन तास चाळीस मिनिटं उतरायची मुभा,
त्यातली वीस रांगेत गेली.

कारेलीबागेतली आमची गॅलरी, खाली
सेव-उसळीची गाडी. मी फोन कठड्याबाहेर धरते.
तोरल हसते. ‘आई, वास अजून येत नाही यातून.’

बत्तीस वर्षं मी शिकवलं, पाचवी ब :
बेट म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग.
फळ्यावर लाटता लाटता बिघडलेल्या पोळीसारखा आकार,
त्यात नारळाचं एक वाकडं झाड,
नारळ दोन, कारण तिसऱ्याला जागा उरायची नाही.
मराठी शाळा बंद झाली तेव्हा वर्गात नऊ मुलं होती.
पृथ्वीगोल मी रिक्षात घालून घरी आणला,
कोणी विचारलं नाही.
बेट मात्र मी पाहिलेलं नव्हतं.
सुरसागरच्या मधोमध महादेव उभा आहे,
त्याला बेट म्हटलं की मुलं हसायची.

‘मला नको बघू,’ मी म्हणते, ‘बेट दाखव.’

ती फोन फिरवते.
दुकानाची मागची भिंत, रंगाचे पोपडे.
एक शेळी. गंजलेलं पिंप.
दोरीवर वाळत घातलेले कपडे, ते ती आधी मोजते,
सवयच आता : ‘अकरा, आणि उशीचा अभ्रा एक.’
एक सोडा घेतला की वायफाय फुकट,
म्हणून खोक्यांवर ओळीने बसलेत तिचे सगळे,
मनिलाचा रोमेल, बालीची वायन, मडगावचा इनासियो,
आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक घर उघडं.
कुठे बाळ रांगतंय, कुठे बायको भांडतेय.
समुद्राकडे सगळ्यांची पाठ.

‘आणि पाणी?’
‘ते गल्लीच्या टोकाला. इथून एवढंच दिसतं.’
दोन भिंतींमध्ये साडीच्या काठाएवढी पट्टी.
मोरपंखी? मी चष्मा लावीपर्यंत
चित्राचे चौकोन झाले.

‘जा ना तिथे.’
‘तिथे वायफाय पोचत नाही, आई.’

पुराच्या वर्षी विश्वामित्री सोसायटीत आली.
तीन दिवस दुसऱ्या मजल्यावर
मी, ज्योत्स्नाबेन आणि त्यांचा पोपट.
खाली स्कूटरच्या जागी एक मगर,
तिलाही कुठे जावं ते कळत नव्हतं.
चारही बाजूंना पाणी. व्याख्येत बसलो होतो आम्ही,
फक्त नारळाचं झाड नव्हतं.
आणि मी काय केलं तीन दिवस?
बॅटरी संपेपर्यंत फोन. तोरलशीच.

तेव्हा मी उपदेश करू नये, खरं तर.
पण करते. बाई होते मी.
‘किती वेळ राहिला?’
‘अडीच तास.’
‘आठ महिने जहाजाच्या पोटात, खिडकी नाही म्हणतेस.
चपला हातात घे. घोटाभर पाण्यात उभी राहा.
मला काही दाखवू नकोस.’
‘मग पुढच्या बंदरापर्यंत नऊ दिवस...’
‘नऊ दिवस म्हणजे किती ते मला माहीत आहे.’

आणि फोन मी ठेवला. मीच.
मग पुन्हा उचलून पाहिला, खरंच ठेवला गेलाय का.

आतल्या खोलीतला गोल पुसून घेतला.
ते बेट त्यावर नाहीच.
त्या समुद्रात नुसते माश्या बसून गेल्यासारखे ठिपके.
त्यातला एक मी पेन्सिलीने जरा जाड केला.

भिंतीपलीकडून ज्योत्स्नाबेन :
‘वात थई गई? आजे आटली जल्दी?’
‘हा, थई गई.’

तिथे आता अकरा वाजून दहा.
ऊन डोक्यावर चढत असेल,
टोपी नेली का ते विचारायचं राहिलं.