आपेआप

पारोळ्याच्या अलीकडे, बोरीच्या कोरड्या पात्रालगत
आमच्या गावाची टाकी.
टाकीखाली एक खोली, खोलीत मी,
धुडकू मोतीराम, गावाचा वॉलमन.
आठव्या दिवशी पाणी सोडतो,
गल्लीला वीस मिनिटं, घड्याळ लावून.
उरलेले सात दिवस शिव्या खातो.

इथे मी काही लावलेलं नाही.
हे आधीच सांगून ठेवतो,
ग्रामसभेत विचारलं गेलंय म्हणून.

वैशाख लागलाय.
पत्र्याला हात टेकला तर कातडी तिथेच राहील.
बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग नुसते कडकडतात,
कुत्री रांजणाच्या सावलीबरोबर सरकत जातात,
आणि माझ्या खोलीभोवती सदाफुली:
पायरीच्या भेगेत, मीटरच्या पेटीखाली,
फुटक्या सिमेंटच्या पाइपाच्या तोंडात,
गुलाबी, पांढरी, मध्ये लाल ठिपक्याची.
चिनी गुलाब दहाला उघडतो, दोनला मिटतो,
तलाठ्याच्या हापिसासारखा.
आणि चार वाजले, की गुलबक्षी.
एकाच झाडाला पिवळी, राणी रंगाची,
एखादीचं अर्धं तोंड एक, अर्धं दुसरं.

माझ्या आधी इथे लोटन आबा होते.
त्यांच्या बायकोने म्हणे तेलाच्या डब्यात बी टाकलं होतं.
डबा गंजून मातीत गेला,
आबा सुरतेला लेकाकडे गेले,
आणि बी निघालं फिरायला.
काही मुंग्यांनी नेलं, काही पोरांनी,
फोडून आतलं पांढरं पीठ गालांना लावायला.
बाकीचं आपलं आपण घरंगळत
ओल सापडेल तिथे बसलं.

गळती शोधायला मला यंत्र लागत नाही.
जिथे वैशाखात गुलबक्षी, तिथे जोड सुटलेला.
मराठी शाळेमागे अशीच उगवली चार रोपं,
हातभर खणलं, खाली पाइप घामेजलेला.
वहीत लिहिलं: शाळेमागे, गळती, एक.
फुलांचं लिहिलं नाही. तसा रकानाच नाही.

पण सगळ्यात मोठी गळती माझ्याच दारात,
मुख्य वॉलचा वायसर झिजलेला,
तालुक्याहून नवा यायचा, सात महिने येतोच आहे.
झिपरू अण्णा सभेत उभे राहिले:
"प्यावाले पानी नही,
आन तुन्हा दारमां बगीचा?"
सगळे हसले. मीही हसलो.
खरंच बोलले होते.

अखाजीच्या आदल्या दिवशी
ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा गोल कापला,
वॉल खोलला, बसवला, आवळला.
टपटप थांबली.
रात्री झोप येईना.
अकरा वर्षं तो आवाज उशाशी होता,
मला वाटायचं, झोप माझी आहे.

आठ दिवसांत चिनी गुलाब दोरीसारखा झाला.
गुलबक्षी दुपारी माना टाकायची,
चारला उठायची, अर्धीच,
उठता उठता काळं बी गाळायची,
मिऱ्यांएवढं, सुरकुतलेलं.
सदाफुलीला काहीच झालं नाही.
तिने माझ्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

समोरच्या कौतिक काकांची वैजू आली होती अखाजीला,
साक्रीकडे दिलेली, कडेवर पोरगं.
निंबाचा झोका उतरवून झाला,
सांजोऱ्यांचा डबा पिशवीत भरून झाला,
निघता निघता ती वाकली
आणि ओंजळभर बी पदराच्या टोकात बांधलं.
म्हटलं, लावशील कुठे गं?
"लावाव नही, दादा. टाकी दिसू."
गाठ दाताने आवळली, एसटीकडे गेली.

तिच्या गावचा वॉलमन कोण, मला ठाऊक नाही.
एखाद्या वैशाखात, चार वाजता,
त्याला कळेल
त्याचा पाइप कुठे फुटलाय ते.