तिसरी कळ

शारिक म्हणाला, बाई, दोनच कळा आहेत.
पेशी गोल असली तर डावी, विळा असली तर उजवी.
तुमच्याकडं पाहून यंत्र शिकेल.

माझ्याकडं पाहून कोणी काही शिकावं
हे मेडिकलच्या तळमजल्यावर
सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.
खुर्ची तीच, एक पाय आखूड,
त्याखाली दुमडलेला एक्स-रेचा लिफाफा.
भिंगाच्या जागी आता पडदा,
पडद्यावर रक्त, जांभळट, थांबलेलं,
भिजवून पसरलेल्या साबुदाण्यासारखं.
वरच्या मजल्यावरच्या कळा वेगळ्या.
त्या हाडांत येतात, गुडघ्यात, पाठीत,
रात्री दोनला, आणि पोरं आईचा हात चावतात.

पहिल्या आठवड्यात त्याला सगळंच विळा दिसलं.
रंगाचा ओघळ विळा, काचेवरची चीर विळा,
माझ्या पापणीचा एक केस
कधीतरी तेलात अडकलेला,
तोही विळा.
शिकाऊ होते तेव्हा मलाही असंच दिसायचं.
ढवळे डॉक्टर म्हणायचे, काय धान कापायला निघाली का?

मग ते शहाणं झालं.
एप्रिलात, कूलरची टाकी रिकामी व्हायच्या आत
तीनशे काचा.
माझ्या दिवसाला चाळीस व्हायच्या, डोळे चुरचुरेपर्यंत.
शारिकनं आकडा दाखवला, शंभरात सत्त्याण्णव,
आणि मोमिनपुऱ्यातून शीरखुर्म्याचा डबा आणला.
मी विचारलं, उरलेले तीन कोण?
तो म्हणाला, कोण नाही बाई, एरर आहे ते.

जुन्या काचांची पेटी मीच काढून दिली.
काच चारशे बारा. मुलगा, वय सहा, उमरेड.
खाली माझं अक्षर, नव्या नोकरीचं, वळणदार:
नॉर्मल.
यंत्रानं कोपऱ्यातल्या एका पेशीभोवती
लाल चौकट काढली.

वाकडी होती ती.
विळा, की काच वाळताना ओढली गेलेली?
सकाळी पाहिली तर विळा,
जेवून आल्यावर नाही.
एक मॅडम म्हणाल्या हो, दुसऱ्या म्हणाल्या छे,
मग पहिल्या म्हणाल्या, बहुतेक.
जिन्याखालचं रजिस्टर काढलं.
वाळवीनं जानेवारी ते जून खाल्लं होतं
आणि जुलैपासूनचं ठेवलं होतं,
कोण जाणे काहून.

लवकर सांगा बाई, बॅच अडली.
मी म्हटलं, तिसरी कळ दे.
कशाची?
शंकेची.
मॉडेल गोंधळेल, बाई.
गोंधळू दे.
मी गोंधळले असते त्या दिवशी
तर त्या पोट्ट्याला म्हटलं असतं,
उद्या परत ये.

दोन दिवसांनी कळ आली, करडी, बारकी,
वरचा अनुस्वार विसरलेली: शका.
तो मागून घालून घेतला.
पहिल्याच दिवशी मी ती एकोणीसदा दाबली.
आकडा त्र्याण्णववर आला.
पुण्याहून कोणा साहेबांचा फोन आला,
शारिक व्हरांड्यात जाऊन बोलला,
बराच वेळ, एक हात भिंतीला लावून.
आत आला तेव्हा काही सांगितलं नाही.
दोन चहा मागवले, माझा बिनसाखरेचा.
कळ मात्र तिथंच राहिली.

संध्याकाळी दिघोरीच्या बसमध्ये
तिशीतला एक माणूस उठला, बसा म्हणाला.
उठताना त्यानं गुडघा दाबून धरला.
गुडघा काय, कोणाचाही दुखतो.
मी विचारलं, दादा, तुम्ही उमरेडचे का?
नाही जी, म्हणाला, कुहीचा.

मग तुम्हीच बसा, म्हटलं.